वैर मनी

गिरिजाआत्यानं आपल्या दोन्ही भावांना एकाच रविवारी दुपारी तीनला बोलावलं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. थोरल्या सिद्धारामअण्णांना ती फोनवर म्हणाली, "प्रियू तिचं पुस्तक वाचून दाखवनार हाय. तू न्हाय आलास तर ऐकायला काय भिंतीला बसवू?" धाकट्या सुगत मास्तरांना म्हणाली, "पंखा लई कुरकुरतोय, येऊन बघ की जरा." चौऱ्याहत्तरीच्या बाईनं असा डाव टाकायचा आणि वर 'मला बाई काय कळतंय' म्हणून पदर सावरायचा, ही तिची जुनी खोड.

प्रियदर्शनी, म्हणजे मास्तरांची मुलगी, एक वाजताच येऊन बसली होती. बसली कसली, आत-बाहेर करत होती. गॅलरीत जावं तर ऊन अंगावर येई आणि बंद मिलची चिमणी समोर दिसे. आत यावं तर कॉटवर ठेवलेली पानं दिसत. शहाण्णव पानं. कॉलेजात दहा वर्षं पाली शिकवून झाल्यावर, ज्याला बुद्धाबद्दल काही म्हणजे काहीच ठाऊक नाही अशा माणसासाठी एक छोटं पुस्तक लिहायचं तिनं मनावर घेतलं होतं. वाटलं होतं दोन महिन्यांत उरकेल. दीड वर्ष गेलं. पुण्याच्या संपादक भुवनेश्वरी मॅडमची एक अट सोपी होती: कुर्डुवाडीला एसटीत बसलेल्या माणसाचं सोलापूर येईपर्यंत वाचून संपलं पाहिजे. दुसरी अवघड होती. प्रेसला जाण्याआधी, पुस्तकाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ती जिथं अडखळतील तिथं फुली मारायची.

पानं उद्या सकाळी अकराला प्रेसला जाणार होती, आणि अडखळायची जागा तिला आजच माहीत होती. पान एक्केचाळीस, खालून तिसरी ओळ: 'काही वस्त्यांमध्ये अडाणीपणामुळे वेरमणी या पाली शब्दाचा वैर मनी असा चुकीचा उच्चार रूढ आहे.'

ओळ तिची नव्हती. मसुदा तपासताना पप्पांनी लाल शाईनं समासात लिहिली होती, आणि तिनं कामाच्या नादात ती जशीच्या तशी टाईप करून टाकली होती. 'काही वस्त्या' कुठल्या हे छापून सांगायची गरज नव्हती. वस्ती एकच, ही चार गल्ल्यांची, आणि तो उच्चार एकाच तोंडातून पसरलेला, तिच्या आजोबांच्या, येडूबाबांच्या. पंचशिलातली पाचही वचनं, हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, दारू नको, 'वेरमणी सिक्खापदं समादियामि' या शब्दांनी संपतात. वेरमणी म्हणजे त्या गोष्टीपासून दूर राहणं. येडूबाबा 'वैर मनी' म्हणायचे आणि अर्थही सांगायचे, की मनी वैर न धरायला शिकायचं. गल्लीतल्या तीन पिढ्या तेच म्हणत मोठ्या झाल्या. प्रियदर्शनीही झाली.

अकरा वर्षांपूर्वी येडूबाबा गेले. त्यांच्या जलदानविधीला मंडपात चारशे माणूस होतं. अण्णांनी थोरले म्हणून माईकवर पंचशील सांगायला घेतलं, वडिलांनी शिकवलं तसं, आणि दुसऱ्या वचनाला पप्पांनी त्यांच्या हातातून माईक घेतला. 'शुद्ध शब्द वेरमणी असा आहे. आमच्या घरात तो चुकीचा म्हटला जातो, सर्वांनी दुरुस्ती करून घ्यावी.' मागं वडिलांचा फोटो, पुढं चारशे माणूस. अण्णांनी हातातली फुलं खाली ठेवली आणि मंडपातून निघून गेले. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. 'वैर मनी म्हणता म्हणता वैर मनात धरून बसले' हा विनोद तर वस्तीत पोराटोरांनीही करून झाला होता. तो आता कुणाला हसवत नसे, आणि त्या दोघांना तर त्यानं कधीच हसवलं नव्हतं.

ही ओळ तीन हजार प्रतींत छापून गेली की अण्णांचं दार कायमचं लागणार, एवढं प्रियदर्शनीला दिसत होतं. काढावी तर पप्पा विचारणार, खरी ओळ का काढलीस. इतकंच असतं तरी तिनं काही जुळवलं असतं. पण परवा एक संदर्भ तपासायला तिनं पप्पांच्या कपाटातला पाली टीकेचा, म्हणजे जुन्या भाष्याचा, जाडजूड ग्रंथ काढला. वेरमणी या शब्दाचे तिथं जुन्या टीकाकारांनी दोन अर्थ दिले होते. एक, थांबणं, दूर राहणं. आणि दुसरा, त्याच्याही आधी दिलेला: जी वैराला चिरडते, ती वेरमणी. व्याकरणाचे लोक याला ओढूनताणून काढलेला अर्थ म्हणतील, पण दीड हजार वर्षांपूर्वीचा तो अर्थ येडूबाबांचाच होता. त्याच्याखाली पेन्सिलीची रेघ होती, समासात पप्पांच्या कोरीव अक्षरात तारीख होती, आणि तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

म्हणजे पप्पांना नऊ वर्षं माहीत होतं. तरी त्यांनी ती ओळ लिहिली.

अण्णा आधी आले. सत्तरीचे, अजून पाठीत ताठ. "जय भीम" म्हणून कॉटवर भिंतीला टेकून बसले. "काय गं, लई पातळ झालं की पुस्तक. पैलवानाच्या घरात काडी पैदा झाल्यागत."

"पातळच पाहिजे होतं, अण्णा."

"बरं हाय. जाड पुस्तक बघितलं की मला झोप येती."

एवढ्यात दारात पप्पा, हातात पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही आत्याकडं पाहिलं. आत्या स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाली, "चहा टाकते." त्याच वेळी लाईट गेली. पंखा कुरकुरत कुरकुरत थांबला, आणि मास्तरांना तो तपासायचंही निमित्त उरलं नाही.

"अक्का, मी संध्याकाळी येतो," पप्पा म्हणाले.

"लाईट येईस्तवर बस तितं खुर्चीवर. पोरीचं पुस्तक हाय. बाप म्हनून एवडं बी जमंना व्हय?"

पप्पा दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, पाना मांडीवर धरून. अण्णा कॉटवरून खिडकीबाहेर बघू लागले. प्रियदर्शनीनं पानं उचलली. घाम तिच्या मनगटावरून कागदावर उतरत होता.

तिनं सुरुवात केली. "बुद्धानं पहिली गोष्ट सांगितली ती ही: जगात दुःख आहे."

"हे सांगायला बुद्ध कशाला पायजे?" आत्या आतून म्हणाली. "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं की."

"पुढं ऐक, आत्या. दुसरी गोष्ट. दुःखाला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे तृष्णा."

"कोन किष्णा?"

"तृष्णा. म्हणजे हे पाहिजे, ते पाहिजे, मिळालं की आणखी पाहिजे."

"मंग वखवख म्हन की. सरळ शब्द हाय. जेवून उठलं तरी ताटाकडं बघत बसतंय मानूस, ती वखवख."

प्रियदर्शनी थांबली. या एका शब्दासाठी तिनं तीन आठवडे घालवले होते. तहान, हाव, आसक्ती, लालसा, सगळं लिहून खोडलं होतं. तिनं फुली मारली आणि वर लिहिलं: वखवख. पप्पांनी खुर्चीतून मान पुढं केली. "शब्द ग्राम्य आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण नेमका आहे."

अनित्याच्या प्रकरणाला अण्णा एकदाच बोलले. "म्हंजे काईच टिकत न्हाय, असंच ना? मिलचा भोंगा सत्तर-ऐंशी वर्सं वाजला. आमाला वाटायचं सूर्व्य उगवायचा चुकंल, पन भोंगा चुकायचा न्हाय. हे घाल त्यात." तिनं तेही समासात घातलं. वाचन रंगायला लागलं होतं, आणि तिची अस्वस्थता तसतशी वाढत होती. पस्तीस, अडतीस, चाळीस. पंचशील आलं. तिनं पाच वचनं वाचली, त्यांचे अर्थ वाचले, खालून चौथी ओळ वाचली आणि डोळे न उचलता थेट खालून दुसरीवर उडी मारली.

"एक ओळ राहिली," पप्पा म्हणाले.

"हो का?"

"खालून तिसरी."

मास्तर लोकांच्या कानाला सुट्टी नसते. प्रियदर्शनीनं वडिलांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक विचित्र घाई होती, दुखरा दात एकदाचा काढून टाका म्हणणाऱ्या माणसासारखी. तिनं ओळ वाचली. 'अडाणीपणामुळे' पाशी तिचा आवाज खाली गेला, पण खोली लहान होती.

अण्णा उठले. चपलेत पाय सारला. आत्या कपबशा घेऊन दारातच उभी राहिली, वाट अडवून.

"सर अक्का."

"न्हाय सरत."

"चूक ती चूक, अक्का," पप्पा तिच्याकडं बघत म्हणाले, पण बोलत होते ते दुसऱ्याशीच. "आपल्याला लोक आधीच काय काय म्हणतात. आपल्याच घरात आपलंच पाठांतर अशुद्ध निघालं तर तोंड कुठं दाखवायचं? मी शाळेत जन्मभर हेच ऐकलंय. तुम्हा लोकांचे उच्चार. तुम्हा लोकांची भाषा."

अण्णा पाठमोरे उभे होते. मग वळले. बोलले ते प्रियदर्शनीशी.

"तुझा आजा मिलच्या साचेखात्यात हुता, कापड इनायच्या. ठावं हाय तुला. तितं दोनशे माग एकदम चालायचे. कानाला तोंड लावून वरडलं तरी ऐकू येत नव्हतं. समदं बोलनं ओठावर. पानी पायजे, धागा तुटला, जॉबर आला, समदं ओठ बघून वळखायचं. मी बी चौदा वर्सं तसाच बोललो."

"माहीत आहे, अण्णा."

"हे म्हाईत न्हाय. शेजारच्या मागावर एक गडी हुता, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्याला. त्यानं बाबाला पंचशील शिकवलं ते मागावरच, तुटल्याला धागा जोडता जोडता. एका पाळीत एक वचन. आवाज न्हाय. निसते ओठ. बाबानं तो शब्द कदी ऐकलाच न्हाय, बघितला. आता आरशापुढं हुबी ऱ्हा. वेरमणी म्हन, आन वैर मनी म्हन. आवाज न काडता."

आत्यानं कपबशा खाली ठेवल्या आणि तिथंच उभ्या उभ्या ओठ हलवून बघितले. प्रियदर्शनीनंही हलवले. दोन्ही वेळा ओठ सारखेच हलले. खुर्चीवर पप्पांचेही ओठ हलताना तिला दिसले.

"मला कधी सांगितलं नाही बाबांनी," पप्पा म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते अण्णांच्या दिशेनं बोलले होते.

"तुला कसं सांगंल? तू शिकल्याला. तुला भ्यायचा तो." अण्णांनी हे अजूनही प्रियदर्शनीकडं बघूनच म्हटलं. "मला बी त्यानं मागावरच सांगितलं. ओठानं."

पप्पा उठून गॅलरीत गेले. प्रियदर्शनी पानं ठेवून त्यांच्या मागं गेली. उन्हानं कठडा तापला होता, तरी त्यांनी हात त्यावरच ठेवला होता.

"टीकेचा ग्रंथ तू काढलेलास कपाटातून," ते म्हणाले. "परत ठेवताना उलटा ठेवलास."

"हो."

"पेन्सिल बघितलीस?"

"तारीखही बघितली."

ते चिमणीकडं बघत राहिले. "मग आत बोलली का नाहीस? मी ओळ वाच म्हटलं तेव्हा मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असतीस तर सुटलो असतो मी."

आता तिला त्या घाईचा अर्थ लागला. राग यायला हवा होता, आणि आलाही. आपल्या चुकीची शिक्षा आपणच मागून घ्यायची, तीही पोरीच्या हातून, हे त्यांचं जुनंच मास्तरी डोकं.

"चार माणसांत मोठ्या माणसाची चूक काढली की काय होतं, ते मी अकरा वर्षं बघतेय, पप्पा. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते. तुमचं तुम्ही सांगा."

"आता कसं सांगू? पहिल्या दिवशी सोपं होतं. दुसऱ्या वर्षी अवघड झालं. आता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. प्रियदर्शनीच्या फोनवर भुवनेश्वरी मॅडमचा मेसेज आला, 'झालं का वाचून?' तिनं फोन पालथा धरला.

आतून आत्याचा आवाज आला. "वंदना घेतल्याबिगर माझ्या घरातनं कुनी जात न्हाय. चपला काडा. लाईट येऊ न्हायतर न येऊ."

आत्याच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, खाली फळीवर मेणबत्ती. चौघं उभे राहिले. थोरला सांगणार आणि बाकीचे मागून म्हणणार, ही रीत. अण्णांनी हात जोडले. तीन शरणं झाली. मग पंचशील. "पाणातिपाता," अण्णा म्हणाले आणि थांबले. मग एकेक अक्षर जपून ठेवल्यासारखे म्हणाले, "वे-र-म-णी सिक्खापदं समादियामि."

प्रियदर्शनीला ऐकल्यावर विश्वासच बसला नाही. अण्णांनी हा शब्द शुद्ध म्हणायचा म्हणजे बापाला बाजूला सारायचं, धाकट्या भावासाठी. आणि त्याच क्षणी तिच्या डाव्या बाजूनं पप्पांचा आवाज आला, शाळेत प्रार्थनेला लावायचे तसा खणखणीत. "पाणातिपाता वैर मनी सिक्खापदं समादियामि."

अण्णांची मान किंचित वळली. दुसरं वचन. या वेळी अण्णा 'वैर मनी' म्हणाले आणि पप्पा 'वेरमणी'. अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसं त्यांचं झालं.

"एक काय ते ठरवा रे," आत्या म्हणाली. "मी कुनाच्या मागनं म्हनू?"

प्रियदर्शनीला हसू आलं आणि डोळेही भरले. पप्पांनी जोडलेले हात खाली घेतले.

"अण्णा. तुमचं बरोबर आहे. बाबांचं बरोबर होतं. जुन्या टीकेत तोच अर्थ दिलाय, वैर मोडणारी. मी वाचलाय."

"कवा?"

"नऊ वर्षं झाली."

लाईट आली. पंखा कुरकुरायला लागला आणि कुणी वर बघितलं नाही.

"नऊ," अण्णा म्हणाले. "म्हंजे तुझी वैनी गेली तवा ठावं हुतं तुला."

"होय."

"तू आल्तास. गर्दीच्या मागं नळापाशी हुबा हुतास. मी बघितलं हुतं."

"होय."

"तवा बी बोलला न्हाईस."

"नाही."

"ती रोज मला म्हनायची, तुमीच जावा. धाकटा हाय, लाजत आसंल. मी म्हनायचो, त्येला काय लाज." अण्णा कॉटवर बसले. ताठ पाठ पहिल्यांदाच वाकली. "चार गल्ल्या हुत्या रं मधी. मंगळवेढ्याला हुतं व्हय माझं घर?"

पप्पा खोलीच्या मध्ये उभे राहिले, हात कुठं ठेवावेत हे न कळून. वहिनीला आता कुणी काही सांगू शकत नव्हतं. आत्याजवळ प्रत्येक गोष्टीला शब्द असे, ती कपबशा गोळा करायला लागली. चहावर साय धरली होती.

अण्णांनी हात पुढं केला. "ती ओळ आन गं हिकडं."

प्रियदर्शनीनं एक्केचाळिसावं पान दिलं, सोबत पेन्सिल दिली. अण्णांनी ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचलं. ते पान फाडतील, म्हणतील काढून टाक, असं तिला वाटत होतं, आणि ती काढायला तयार होती.

"ही ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "खरं हाय ते. झालं ते झालं म्हनून लिवायला काय हरकत न्हाय. हा येक शब्द तेवडा काड." त्यांचं बोट 'अडाणीपणामुळे' वर होतं. "बाबा अडानी नव्हता. मागानं कान गेल्ते त्याचे. ऐकू येत नव्हतं त्याला."

तिनं पेन्सिल घ्यायला हात पुढं केला, पण पप्पांनी आधीच घेतली होती. ते कॉटच्या कडेला बसले, पान मांडीवर घेतलं आणि तो शब्द खोडला. "त्या जागी काय लिहू?" त्यांनी विचारलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासणारा माणूस विचारत होता.

"मागाच्या आवाजामुळं, लिव."

पप्पांनी लिहिलं, कोरीव अक्षरात. मग पेन्सिल आणखी एकदा कागदावरून फिरली आणि त्यांनी पान प्रियदर्शनीकडं दिलं. तिनं ओळ वाचली. अण्णांनी एकच शब्द काढायला सांगितला होता. 'चुकीचा' हा शब्द पप्पांनी न सांगता खोडला होता.